कमी खर्चात पांढऱ्या वाईनची चव : विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नाशिक, मुंबई येथे शिकणारे आणि शिक्षणासाठी परदेशी गेलेले विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. भर नाशिक परिसरातील वाईनवर आहे, कारण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी आणि ताजी मिळणारी पांढरी वाईन आपल्याकडे प्रामुख्याने तीच आहे. किमती सतत बदलत असल्याने जेथे आकडे दिले आहेत ते केवळ हिशोब समजावा म्हणून दिले आहेत.

१. मी महाविद्यालयात आहे. मला कायद्याने वाईन विकत घेता येते का?

महाराष्ट्रात वाईन आणि सौम्य बिअरसाठी वयाची २१ वर्षे, तर कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजेच पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील बहुतेकांना थांबावे लागेल. त्यांच्यासाठी प्रश्न ९ आणि १० मधील सराव आहे, ज्यात मद्याचा एक थेंबही लागत नाही. वयाची अट पूर्ण झाली तरी मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. ही तरतूद १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेली आहे आणि परवाना एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन असा मिळतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या काळात दुकाने बंद असतात.

कायदा परवानगी देत असला तरी वसतिगृहाचा नियम वेगळा असू शकतो. बहुतेक वसतिगृहांत मद्य आणण्यास सक्त मनाई असते आणि त्यासाठी खोली गमावण्याची वेळ येते. म्हणून पुढील सर्व उत्तरांत वाईन भाड्याच्या घरी, स्वयंपाकघराजवळ आणि घरमालकाची हरकत नसताना चाखली जात आहे, असे गृहीत धरले आहे.

२. नाशिकची खायची द्राक्षे आंबवूनच पांढरी वाईन करतात का?

नाही. बाजारात येणारी थॉमसन सीडलेस किंवा तिच्या जवळच्या जातींची द्राक्षे खाण्यासाठी वाढवलेली असतात: मणी मोठा, साल पातळ, बी नाही आणि आंबटपणा बेताचा. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बी असते. पिकल्यावर त्यात साखर भरपूर असते आणि तरीही आंबटपणा टिकून राहावा अशी अपेक्षा असते. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन फ्रेंच जातींची लागवड आपल्याकडे पांढऱ्या वाईनसाठी सर्वांत परिचित आहे. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुरू केलेल्या सुलाने २००० साली आपली पहिली वाईन बाजारात आणली, तेव्हा त्यात याच दोन जाती होत्या.

पांढरी वाईन करताना द्राक्षे दाबून रस वेगळा काढतात आणि साली बाजूला करून फक्त रस आंबवतात. लाल वाईन सालींसकट आंबवली जाते, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. पांढऱ्या वाईनमध्ये तो तुरटपणा जवळजवळ नसल्यामुळे आंबटपणा, गोडवा आणि वास हे तीन घटक सुटे सुटे जाणवतात आणि नवशिक्याला चव शिकण्यासाठी ती अधिक सोपी पडते.

एक गोष्ट आपल्या हवामानाची. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि द्राक्षे उन्हाळा संपताना तोडली जातात. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यामुळे द्राक्षे थंडीत पिकतात आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकच्या पठारावर त्या दिवसांत रात्री गारठा असतो, आणि हा गारठाच द्राक्षातील आंबटपणा वाचवतो.

३. स्वस्त वाईन म्हणजे वाईट वाईन, असेच ना?

लाल वाईनच्या बाबतीत या शंकेत थोडे तथ्य आहे. पांढरीच्या बाबतीत फार कमी. चांगली साधी पांढरी वाईन स्टीलच्या टाकीत कमी तापमानाला आंबवली जाते, काही महिन्यांत बाटलीत भरली जाते आणि वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपावी अशीच तिची रचना असते. तिला २२५ लिटरची महागडी ओकची पिंपे लागत नाहीत, तळघरात वर्षानुवर्षे पडून राहण्याचा खर्च येत नाही. ताजेपणा हाच तिचा गुण आहे आणि ताजेपणाला फारसे पैसे पडत नाहीत.

खरा प्रश्न आपण मोजलेले पैसे कोठे जातात हा आहे. बाटलीच्या किमतीत काच, बूच, लेबल, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि कर असतात. यांपैकी काच, बूच, लेबल आणि वाहतूक हे खर्च स्वस्त आणि महाग बाटलीत फारसे वेगळे नसतात. आयात वाईनवर तर अनेक वर्षे १५० टक्के सीमाशुल्क होते, आणि ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये झालेल्या करारामुळे काही बाटल्यांपुरते ते उतरले असले तरी दुकानातील सर्वांत स्वस्त परदेशी बाटलीत द्राक्षापेक्षा कर आणि जहाजभाडे जास्त असते. त्याच पैशांत नाशिक किंवा अकलूजकडची मधल्या दर्जाची वाईन येते. विद्यार्थ्याने भारतात असताना स्वस्त परदेशी बाटलीच्या मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

४. पहिली बाटली कोणती घ्यावी?

एक घेऊ नये, दोन घ्याव्यात, आणि त्यांचा खर्च वाटून घ्यावा (प्रश्न ५). एकटी वाईन चाखली तर ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ यापलीकडे जाता येत नाही. दोन शेजारी ठेवल्या की लगेच ‘ही अधिक आंबट’, ‘तिचा वास हिरवा’ असे शब्द सुचू लागतात, आणि चव शिकण्याची सुरुवात तेथूनच होते.

पहिली जोडी म्हणून एक शेनिन ब्लाँ आणि एक सोव्हिन्यों ब्लाँ, शक्यतो एकाच वाईनरीची, घ्यावी. वाईनरी एकच असल्यामुळे माती, हवामान आणि करण्याची पद्धत बरीचशी सारखी राहते आणि उरलेला फरक मुख्यतः द्राक्षाचा असतो. आपल्याकडील शेनिन बहुधा किंचित गोडसर ठेवली जाते. तिच्यात पिकलेला पेरू, अननस, कधी मध अशा छटा जाणवतात. सोव्हिन्यों ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली (प्रश्न १०), असते आणि तिच्यात मोसंबीची साल, गवत, ढोबळी मिरची असा तजेलदार हिरवा वास येतो. मिरचीचा तो वास पायराझिन नावाच्या संयुगांमुळे येतो. द्राक्षे लवकर तोडली तर तो अधिक तीव्र असतो.

पुढच्या फेरीत द्राक्ष तेच ठेवून वाईनरी बदलावी. नाशिकची सोव्हिन्यों आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेल्लीची सोव्हिन्यों शेजारी ठेवली की जागेचा आणि बनवणाऱ्याच्या हाताचा फरक कळू लागतो. वेगळे काही हवे असेल तर निफाडच्या रेव्हेइलोची ग्रिल्लो पाहावी. हे सिसिलीचे द्राक्ष आपल्याकडे क्वचितच दिसते.

५. महिन्याला तीन-चारशे रुपयांत हे जमेल का?

जमते, पण एकट्याने नव्हे. एका बाटलीत ७५० मिली वाईन असते आणि चव घेण्यासाठी एका व्यक्तीला ५० मिली पुरते, म्हणजे एका बाटलीत पंधरा जणांची चव होते. समजा, ९०० रुपयांच्या दोन बाटल्या सात जणांनी मिळून घेतल्या, तर प्रत्येकाचा वाटा सुमारे २६० रुपये होतो. प्रत्येकी ५० मिली ओतल्यावर दोन्ही बाटल्या निम्म्याहून जास्त शिल्लक राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाईन झाकून चाखण्याचा प्रयोग (प्रश्न १२) फुकटात होतो. उरलेली वाईन टिकवण्याची पद्धत प्रश्न १४ मध्ये आहे.

३७५ मिलीची अर्धी बाटली मिळाली तर ती लहान गटासाठी उत्तम. मिलीमागे ती थोडी महाग पडते, पण तीन-चार जणांना एकाच महिन्यात अधिक प्रकार चाखता येतात आणि काही वाया जात नाही.

मोजण्यासाठी औषधाच्या बाटलीचे मापाचे झाकण वापरावे. अंदाजाने ओतले की पहिल्या चार जणांना भरपूर आणि शेवटच्या तिघांना काहीच नाही, असे हमखास होते.

६. वाईनचे ग्लास नाहीत. स्टीलच्या पेल्यात चालेल का?

स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि उघड्या तोंडामुळे वास उडून जातो, म्हणून तो टाळावा. महागडा ग्लासही नको. तळाशी फुगीर आणि तोंडाशी किंचित निमुळता असा कोणताही पातळ काचेचा ग्लास चालतो. चव घेण्यासाठी तज्ज्ञ जो प्रमाणित ग्लास वापरतात, तोही जेमतेम २१५ मिलीचा, म्हणजे लहानसाच असतो. सर्वांचे ग्लास एकसारखे असणे हे ग्लास चांगले असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, कारण ग्लास बदलला की वासही बदलतो. ते साबणाचा वास राहणार नाही असे धुवावेत आणि कपाटातल्या फडक्याने न पुसता उपडे ठेवून वाळवावेत.

७. खोलीत फ्रिज नाही. वाईन थंड कशी करायची?

पांढरी वाईन साधारण ८ ते १० अंश सेल्सिअसला चांगली लागते. बादलीत बर्फ आणि पाणी समसमान घेऊन त्यात मूठभर जाडे मीठ टाकावे आणि बाटली मानेपर्यंत बुडवावी. पंधरा-वीस मिनिटांत ती गार होते. नुसत्या बर्फात ठेवल्यास जास्त वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला सगळीकडून टेकत नाहीत, पाणी टेकते. वाईनमध्ये थेट बर्फ टाकू नये. ती पातळ होते आणि जे शिकायला बसलो तेच नाहीसे होते.

अतिथंड वाईनला वास येत नाही, हेही लक्षात ठेवावे. काही वाईन बर्फगार प्यायल्या की निर्दोष वाटतात आणि जरा कोमट झाल्या की त्यांतले दोष उघडे पडतात. म्हणून पहिला घोट थंड असताना आणि दुसरा दहा-पंधरा मिनिटांनी घ्यावा. स्वस्त वाईनची खरी परीक्षा त्या दुसऱ्या घोटात होते.

८. चव घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे?

ग्लास पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरून रंग पाहावा: ताजी वाईन फिकट, कधी हिरवट झाक असलेली दिसते; गडद सोनेरी किंवा तपकिरी छटा ओक, वय किंवा बिघाड यांपैकी काहीतरी सुचवते. मग ग्लास न हलवता एकदा वास घ्यावा, नंतर ग्लास गोल फिरवून पुन्हा घ्यावा. दोन वासांत फरक पडतो, कारण फिरवल्यावर वाईनचा हवेशी संपर्क वाढतो.

त्यानंतर लहान घोट घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरवावा, तोंडात थोडी हवा ओढावी आणि क्रमाने चार गोष्टी पाहाव्यात: गोडवा जाणवतो का, गालांच्या आतून लाळ किती सुटते, वाईन पाण्यासारखी हलकी वाटते की दुधासारखी भरीव, आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते. लाळ सुटणे हे आंबटपणाचे सर्वांत खात्रीचे माप आहे. गिळल्यानंतर घशात येणारी ऊब अल्कोहोलची असते. बाटलीवरचे प्रमाण पांढऱ्या वाईनमध्ये बहुधा ११ ते १३.५ टक्क्यांच्या दरम्यान असते.

हे सगळे लगेच वहीत लिहावे. वाईनचे नाव, वर्ष, किंमत, तारीख आणि दोन-तीन ओळी एवढेच. दुसऱ्याची टिपणे वाचण्याआधी आपली लिहावीत, कारण एकाने ‘अननस’ म्हटले की टेबलावरच्या सर्वांना अननस येऊ लागतो.

९. मला फक्त ‘वाईनचा वास’ येतो. लोकांना त्यात पेरू, गवत, मध कुठून दिसतात?

वास सर्वांना येतो; त्याला नाव देण्याची सवय नसते. ही सवय वाईनवर पैसे खर्च न करता मंडईत लावता येते. मोसंबी, कागदी लिंबू, कच्ची कैरी, पिकलेला पेरू, अननस, हिरवे सफरचंद, ढोबळी मिरची, गवती चहा, मध आणि बदाम यांपैकी जे त्या ऋतूत स्वस्त मिळेल त्याचे लहान तुकडे झाकणाच्या डब्यांत ठेवावेत, डोळे मिटून एकेक उघडावा आणि नाव सांगावे. पहिल्या वेळी रोजच्या ओळखीच्या वस्तूंमध्येही गल्लत होते आणि ते स्वाभाविक आहे, कारण एरवी वासाच्या मदतीला डोळे असतात.

पाश्चात्त्य पुस्तकांतील गूजबेरी, एल्डरफ्लॉवर, क्विन्स हे शब्द पाठ करण्याची मुळीच गरज नाही. ज्याने गूजबेरी खाल्लेली नाही त्याने ती टिपणात लिहिणे म्हणजे उसने वर्णन. सोव्हिन्योंला कच्च्या कैरीची किंवा गवती चहाची आठवण होत असेल तर तेच लिहावे. पुढच्या वेळी तो शब्द वाचून आपल्याला तीच वाईन आठवली, तर शब्द योग्य होता. गोडवा आणि आंबटपणा मात्र नाकाने कळत नाहीत. त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

१०. ‘ड्राय’ म्हणजे काय? मला आंबट आणि ड्राय यांतला फरक कळत नाही.

ड्राय म्हणजे जिच्यात न आंबलेली साखर जवळजवळ उरलेली नाही अशी वाईन. आंबटपणा हा वेगळा घटक आहे. वाईन गोड असूनही खूप आंबट असू शकते, आणि ड्राय असूनही सपक असू शकते. युरोपीय नियमांत लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाईन सर्वसाधारणपणे ड्राय धरतात. आंबटपणा भरपूर असेल तर ९ ग्रॅमपर्यंतही ड्राय म्हणू देतात. ही सवलतच सांगते की जिभेला साखर एकटी जाणवत नाही, ती आंबटपणाच्या तुलनेत जाणवते.

हे समजण्यासाठी किराणा दुकानातील लिंबूसत्त्व आणि साखर पुरते. पाव लिटर पाण्याचे तीन ग्लास घ्यावेत. पहिल्यात पाव चमचा लिंबूसत्त्व, दुसऱ्यात पाव चमचा लिंबूसत्त्व आणि एक सपाट लहान चमचा साखर, तिसऱ्यात फक्त एक चमचा साखर विरघळवावी. चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम भरते, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्लासात लिटरमागे सुमारे १६ ग्रॅम साखर आहे. तिसरा ग्लास स्पष्ट गोड लागतो. दुसऱ्यात तेवढीच साखर असूनही तो तितका गोड लागत नाही, उलट पहिल्यापेक्षा गोलसर आणि भरीव वाटतो. किंचित गोडसर शेनिनमध्ये नेमके हेच घडते. या तीन ग्लासांवर घालवलेला अर्धा तास आणि दहा रुपये यांच्याइतके फायद्याचे या सगळ्या विषयात दुसरे काही नाही.

आणखी एक फसगत नाकाची होते. पिकल्या फळाचा वास आला की मेंदू गोडवा गृहीत धरतो. शंका आल्यास नाक चिमटीत धरून घोट घ्यावा; वास बंद झाला की साखर खरोखर आहे की नाही ते जीभ सांगते.

११. वाईन थुंकायची? पैसे वाया जात नाहीत का?

चव जीभ आणि नाक यांच्याकडून मिळते. पोटाकडून काहीही कळत नाही. चार-पाच वाईन गिळत गेल्यास तिसरीपासून लक्ष ढळते आणि शेवटच्या दोन वाईनवर खर्च केलेले पैसे खऱ्या अर्थाने वाया जातात. १२ टक्के अल्कोहोल असलेल्या १०० मिली वाईनमध्ये साधारण साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, यावरून ५०-५० मिलीचे सहा घोट किती होतात याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. प्रत्येकाला एक झाकणाचा अपारदर्शक पेला द्यावा आणि कोणी गिळले किंवा थुंकले तरी त्यावर टिप्पणी करू नये. दोनच वाईन असतील आणि माप पाळले असेल तर गिळण्यास हरकत नाही.

वाहन चालवायचे असेल तर मात्र थुंकूनही चालवू नये, कारण तोंडातून थोडे अल्कोहोल शरीरात जातेच आणि किती गेले ते आपल्याला कळत नाही. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दुचाकीलाही हेच लागू आहे.

१२. महाग वाईन खरोखर चांगली लागते, की किंमत ऐकून तसे वाटते?

दोन्ही होते, आणि ते वेगळे करण्याचा एकच मार्ग म्हणजे बाटली झाकणे. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून रबर लावावे, मानेचा रंगही दिसू देऊ नये, आणि ओतणाऱ्याने स्वतः त्या फेरीत मत देऊ नये.

याहून कसोटीचा प्रकार म्हणजे त्रिकोणी चाचणी. तीन ग्लासांपैकी दोनांत एकच वाईन आणि एकात दुसरी असते. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून एका फेरीवरून काही ठरवू नये. चार-पाच फेऱ्या कराव्यात. दोन वाईन वेगळ्या आहेत हेच ओळखता येत नसेल, तर त्यांपैकी महाग वाईन घेण्याचे कारण निदान आज तरी आपल्यापाशी नाही. काही महिन्यांनी ते येऊ शकते.

१३. सोबत काय खावे? चीज परवडत नाही.

चव घेताना आणि जेवताना अशी दोन वेगळी उत्तरे आहेत. चव घेताना साधे पाणी, बिनमिठाचे कुरमुरे किंवा पावाचा तुकडा एवढेच ठेवावे. खारे शेंगदाणे आणि चिवडा वाईनला खुलवतात, पण तिचे दोषही झाकतात.

जेवताना मात्र आपले पदार्थ पांढऱ्या वाईनशी फार चांगले जमतात. कोथिंबीर वडी, हिरवी चटणी, लिंबू पिळलेले पोहे यांच्यासोबत सोव्हिन्यों. रवा लावून तळलेले बोंबील किंवा सुरमई यांच्यासोबत कोणतीही ड्राय आणि आंबट वाईन, कारण माशावर लिंबू जे काम करते तेच ती करते. मिसळ, ठेचा असे तिखट असेल तर गोडसर शेनिन घ्यावी. अल्कोहोल तिखटाची आग वाढवते आणि साखर ती शमवते, म्हणून १४ टक्क्यांची ड्राय वाईन आणि नाशिकची झणझणीत मिसळ ही जोडी टाळावी. श्रीखंड, बासुंदी यांच्यापुढे ड्राय वाईन केवळ आंबट लागते. पदार्थाइतकी गोड वाईन नसेल तर पाणी बरे.

१४. उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

फ्रिजमध्ये, बूच किंवा झाकण घट्ट लावून, तीन ते पाच दिवस. उरलेली वाईन स्वच्छ लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर ती जास्त चांगली राहते, कारण वाईन बिघडवणारी हवा आत उरतच नाही. उघडतानाच निम्मी वाईन अशा बाटलीत काढून ठेवणे हा त्याहून चांगला उपाय. उन्हाळ्यात फ्रिजबाहेर ठेवलेली वाईन दुसऱ्या दिवशीच शिळी लागू शकते. फार दिवस झाले असतील तर ती भाजीत किंवा मासे शिजवताना वापरावी.

१५. वाईन बिघडली आहे हे कसे ओळखायचे? तळाशी काचेसारखे कण दिसतात.

ते कण टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात. वाईन फार थंड झाली की ते तयार होतात. निरुपद्रवी आहेत आणि बिघाडाचे लक्षण नाहीत. वरवरची वाईन ओतून घ्यावी.

खरे दोष नाकाला कळतात. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, कापलेले सफरचंद काळे पडल्यावर येतो तसा शिळा वास आणि तपकिरी रंग, किंवा ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आल्यास वाईन बिघडलेली आहे. कुबट वास खऱ्या बुचातील एका संयुगामुळे येतो, त्यामुळे फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत तो क्वचितच आढळतो. फिरकीचे झाकण हे हलक्या मालाचे लक्षण नाही, ताज्या पांढऱ्या वाईनसाठी ते बुचापेक्षा बरेच आहे. उघडल्यावर पेटलेल्या काडीसारखा वास आला तर मात्र थोडे थांबावे, ग्लास फिरवावा. तो बहुधा निघून जातो.

आपल्याकडे बहुतेक बिघाड उष्णतेचा असतो. दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली किंवा धूळ बसलेली बाटली घेऊ नये. मागच्या लेबलवरची बाटलीत भरल्याची तारीख पाहावी आणि साध्या पांढऱ्या वाईनमध्ये नेहमी अलीकडची निवडावी. ‘वाईन जितकी जुनी तितकी चांगली’ हा समज या किमतीच्या पांढऱ्या वाईनला लागू नाही.

१६. नाशिकला प्रत्यक्ष जाणे परवडते का?

चार-पाच जण एसटीने किंवा रेल्वेने गेले आणि मुक्काम टाळला तर परवडते. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, सोमा आणि यॉर्क एकमेकांपासून फार लांब नाहीत. इगतपुरीकडे व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत. मोजके शुल्क घेऊन अनेक वाईन थोड्या थोड्या चाखायला मिळतात, हा खरा फायदा आहे, कारण तेवढ्या बाटल्या विकत घेणे विद्यार्थ्याला अशक्य असते. शुल्क आणि वेळा आधी फोनवर विचाराव्यात. शनिवार-रविवार टाळावेत, आठवड्याच्या मधल्या दिवशी प्रश्न विचारायला सवड मिळते. जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी चालू असताना गेल्यास वाईनचे द्राक्ष खाऊन पाहण्याची विनंती जरूर करावी. येण्या-जाण्याची रिक्षा आधीच ठरवावी. प्रश्न ११ मधील नियम येथे सर्वांत जास्त लागू आहे.

१७. गोव्यात स्वस्त मिळते. येताना चार बाटल्या आणू का?

आणू नये. गोव्यात किमान वय १८ आहे आणि कर कमी आहे, पण तेथील मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे आणि उत्पादन शुल्क विभाग सीमेवर तपासणी करतो. शिवाय गोव्यात जी फार स्वस्त मिळते ती बहुधा गोड पोर्ट प्रकारची वाईन असते. ती आवडण्यात गैर काही नाही, परंतु साखर आणि अल्कोहोल यांच्याखाली द्राक्षाची चव दबलेली असल्याने शिकण्यासाठी तिचा उपयोग थोडा.

१८. मी जर्मनीत शिकायला आलो आहे. येथे कोणती घ्यावी?

येथे परिस्थिती उलट आहे: कर कमी, सुपरमार्केटमध्ये पर्याय भरपूर आणि स्थानिक पांढरी वाईन उत्तम. रीसलिंग या द्राक्षाच्या वाईनपासून सुरुवात करावी. तिचा आंबटपणा तीव्र असल्यामुळे प्रश्न १० मधील साखर-आंबटपणाचा तोल तिच्यात जितका स्पष्ट कळतो तितका क्वचितच कोठे कळतो. लेबलवर ‘ट्रॉकन’ असल्यास ड्राय, ‘हाल्बट्रॉकन’ असल्यास किंचित गोडसर, ‘लीबलिख’ असल्यास गोड. एकाच उत्पादकाच्या ट्रॉकन आणि हाल्बट्रॉकन बाटल्या शेजारी ठेवाव्यात. त्यानंतर सिल्व्हानर आणि म्युलर-थुर्गाऊ पाहाव्यात, दोन्ही खिशाला हलक्या. फ्रान्समध्ये असाल तर लोआर खोऱ्यातील शेनिन शोधावी. आपल्या नाशिकच्या शेनिनचे मूळ गाव तेच. दक्षिण आफ्रिकेची शेनिन इंग्लंडच्या दुकानांत सहज आणि वाजवी किमतीत मिळते.

युरोपात खोक्यातील पिशवीची वाईनही मिळते. पिशवी आकसत जाते आणि आत हवा शिरत नाही, म्हणून ती उघडल्यावर चार ते सहा आठवडे चांगली राहते. एकट्या राहणाऱ्याला रोज एक लहान माप चाखून टिपण करायचे असेल तर ही सोय उपयोगी आहे. रोज भरलेला ग्लास पिण्यासाठी मात्र ती घेऊ नये.

१९. औषधे चालू असताना चालते का? आणि वाईन शाकाहारी असते का?

मेट्रोनिडाझोलसारख्या काही औषधांसोबत मद्य घेतल्यास मळमळ, उलट्या, धडधड होऊ शकते. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांची गुंगी वाढते. औषध चालू असताना चाखू नये आणि शंका असल्यास डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. यकृताचा विकार असल्यास किंवा गरोदरपणात थुंकण्याच्या अटीवरही नको. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी लेबलवरील सल्फाइटचा उल्लेख पाहावा. जवळजवळ प्रत्येक वाईनमध्ये ते असते आणि काहींना त्याने त्रास होतो.

शाकाहाराचा प्रश्न गाळण्याच्या टप्प्याशी संबंधित आहे. वाईन स्वच्छ करण्यासाठी काही उत्पादक अंड्याचा पांढरा भाग, दुधातील केसिन, जिलेटिन किंवा माशापासून मिळणारे आयसिंग्लास वापरतात. ते गाळासोबत काढून टाकले जातात. पांढऱ्या वाईनसाठी बेंटोनाइट ही माती सर्रास वापरली जाते आणि ती शाकाहारी आहे. लेबलवरून कळत नसेल तर वाईनरीला लिहून विचारावे.